नोटा दाबल्याने नेमके काय होते? एका निवृत्त निवडणूक कर्मचाऱ्याचे उत्तर

जुळे सोलापुरातल्या एका तरुणाचा प्रश्न असा आहे: "जानेवारीतल्या महापालिका निवडणुकीत मी पहिल्यांदाच मतदान केले. प्रभागात चार मते द्यायची होती. माझ्या ओळखीचा एकच उमेदवार होता, त्याला मत दिले आणि बाकी तीन ठिकाणी नोटा, म्हणजे 'वरीलपैकी कोणीही नाही' हे बटण दाबले. घरी वडील म्हणाले, तीन मते वाया घालवलीस. खरेच वाया गेली का? नोटाला सगळ्यात जास्त मते पडली तर निवडणूक रद्द होते का? आणि सगळ्यांना नाकारण्याचा खरा अधिकार आपल्याला का नाही?"

तुमच्या वडिलांचे म्हणणे अर्धे बरोबर आहे.

मी महसूल खात्यात कारकून म्हणून लागलो आणि नायब तहसीलदार म्हणून निवृत्त झालो. मधल्या तीस वर्षांत लोकसभेपासून ग्रामपंचायतीपर्यंत प्रत्येक निवडणुकीत कुठली ना कुठली ड्युटी लागलीच. मतपेट्यांना लाखेची सीलं लावली, मशीन आल्यावर ते शिकलो आणि पुढे केंद्राध्यक्षांच्या प्रशिक्षणात तेच शिकवत राहिलो. त्यामुळे नोटाचे बटण नव्हते तो काळही मी टेबलाच्या आतल्या बाजूने पाहिला आहे.

तिथूनच सांगतो. २०१३ च्या आधी कुणालाच मत द्यायचे नसेल तर कायद्यात एक वाट होती. निवडणूक संचालन नियम १९६१ मधला नियम ४९-ओ. मतदाराने केंद्रावर यायचे, नमुना १७-अ च्या, म्हणजे मतदारांच्या नोंदवहीत सही करायची आणि मग केंद्राध्यक्षाला सांगायचे की मला मत द्यायचे नाही. केंद्राध्यक्ष शेऱ्याच्या रकान्यात तशी नोंद करणार आणि त्या शेऱ्यासमोर मतदाराची पुन्हा सही किंवा अंगठा घेणार.

अशी नोंद मी माझ्या हाताने एकदाच केली. एक निवृत्त शिक्षक आले होते, पांढरा सदरा, हातात छत्री. शांतपणे म्हणाले, "मला कुणालाच द्यायचे नाही, तशी नोंद घ्या." मी पान उघडले. खोलीत भिंतीला लागून वेगवेगळ्या उमेदवारांचे पाच एजंट बसले होते. पाचही माना एकदम वर झाल्या. गुरुजींनी सही केली तेव्हा त्यांचा हात थरथरत होता. वयाने असेल, मी दुसरा काही दावा करत नाही. पण संध्याकाळी मशीन सील करताना त्यातला एक एजंट मला म्हणाला, "गुरुजींनी बरं नाही केलं." म्हणजे ज्याने मत दिले त्याचे मत गुप्त राहिले आणि ज्याने नाकारले त्याचे नाव सगळ्या गल्लीला कळले.

हीच गोष्ट पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज या संघटनेने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात मांडली. निकाल लागायला नऊ वर्षे गेली. २७ सप्टेंबर २०१३ रोजी सरन्यायाधीश पी. सदाशिवम यांच्या खंडपीठाने सांगितले की नकार देणे हीसुद्धा मतदाराची अभिव्यक्ती आहे आणि तिलाही गुप्ततेचे तेवढेच संरक्षण पाहिजे. मशीनवर 'वरीलपैकी कोणीही नाही' असे बटण द्यावे, असा आदेश निघाला. त्याच वर्षाअखेरीला दिल्ली, राजस्थान, मध्य प्रदेश, छत्तीसगड आणि मिझोरामच्या विधानसभांना ते पहिल्यांदा लागले. आपल्याकडे लोकांनी ते २०१४ च्या लोकसभेला पाहिले. मतपत्रिकेवर काळी फुली हे चिन्ह २०१५ मध्ये आले, ते अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेने तयार केलेले आहे.

एक गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण सगळा गोंधळ इथेच होतो. न्यायालयाने नकार गुप्तपणे नोंदवण्याचा अधिकार दिला. नोटाला जास्त मते पडली तर निवडणूक रद्द करा, असे त्या निकालात नाही. स्वच्छ उमेदवार देण्याचा दबाव पक्षांवर येईल, एवढी अपेक्षा न्यायालयाने व्यक्त केली होती. म्हणून लोकसभा आणि विधानसभेत आजही नियम असा की नोटाला कितीही मते पडोत, उमेदवारांपैकी ज्याला सर्वाधिक मते तोच निवडून आला. मतदारसंघातल्या दहा लाखांनी नोटा दाबले आणि एकाच उमेदवाराला एकच मत पडले, तरी तो खासदार. डिपॉझिट वाचवायला एकूण वैध मतांच्या एक षष्ठांशाहून अधिक मते लागतात. त्या हिशेबातही नोटाची मते धरत नाहीत.

२०२४ ला इंदूरमध्ये काँग्रेसच्या उमेदवाराने ऐनवेळी अर्ज मागे घेतला. त्या पक्षाने लोकांना नोटा दाबायचे आवाहन केले आणि नोटाला २ लाख १८ हजारांहून अधिक मते पडली. देशातला तो विक्रम. निकालावर परिणाम शून्य, विजयी उमेदवाराचे मताधिक्य अकरा लाखांच्या वर गेले. आपल्या शेजारचे उदाहरण पाहा. २०१९ च्या विधानसभेला लातूर ग्रामीणमध्ये नोटा दुसऱ्या क्रमांकावर होता, २७ हजारांहून अधिक मते. पलूस-कडेगावमध्येही तसेच झाले. दोन्हीकडे निकालपत्रात त्याची एक ओळ आली, बस्स. देशभराचा आकडा पाहिला तर लोकसभेच्या गेल्या तीनही निवडणुकांत नोटा साधारण एक टक्क्याच्या आसपास राहिला आहे, म्हणजे साठ-पासष्ट लाख माणसे. त्यांचा निरोप पोहोचला, पण त्याची दखल घेण्याचे बंधन कुणावर नाही.

आता महापालिकेकडे येतो, कारण तुमचा प्रश्न तिथला आहे. महानगरपालिका, नगरपालिका, नगरपंचायती यांच्या निवडणुका भारत निवडणूक आयोग घेत नाही, राज्य निवडणूक आयोग घेतो. त्या आयोगाने ६ नोव्हेंबर २०१८ रोजी आदेश काढला: एखाद्या जागेवर नोटाला सर्वाधिक मते पडली तर त्या जागेची निवडणूक रद्द करून पुन्हा मतदान घ्यायचे. दुसऱ्यांदाही नोटाच पुढे राहिला तर मात्र नोटा सोडून ज्याला जास्त मते, त्याला विजयी जाहीर करायचे. हा आदेश हवेतून आला नव्हता. त्याआधी पुणे जिल्ह्यातल्या बोरी ग्रामपंचायतीत पंच्याऐंशी टक्क्यांहून अधिक मते नोटाला पडली होती आणि तरीही उरलेल्या थोड्या मतांवर उमेदवार निवडून आले होते. त्याच नोव्हेंबरमध्ये हरियाणाच्या राज्य आयोगाने एक पाऊल पुढे टाकले. नोटापेक्षा कमी मते पडलेल्या उमेदवारांना फेरनिवडणुकीत उभे राहता येणार नाही, असे त्यांनी ठरवले. आपल्या आदेशात ही अट नाही. तेच चेहरे पुन्हा उभे राहू शकतात. माझ्या मते आपल्या आदेशातली सगळ्यात मोठी उणीव हीच. ज्यांना नाकारले तेच महिन्याभराने पुन्हा दारात येणार असतील, तर मतदाराने दुसऱ्यांदा रांगेत का उभे राहायचे?

तेव्हा तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर हे: सोलापूर महापालिकेत तुम्ही दाबलेल्या नोटाला कायद्याने वजन आहे. खासदारकीच्या नोटापेक्षा जास्त.

मग वडील अर्धे बरोबर कसे? त्यासाठी आपल्या प्रभागाची रचना पाहावी लागते. सोलापुरात २६ प्रभाग आणि १०२ जागा आहेत. २४ प्रभाग चार जागांचे, दोन प्रभाग तीनचे. अ, ब, क, ड अशा जागा, प्रत्येकीची वेगळी मतपत्रिका, ओळखायला वेगळा रंग आणि प्रत्येकीच्या तळाशी स्वतंत्र नोटा. चारही जागांची बटणे दाबल्याशिवाय मतदान पूर्ण होत नाही आणि शेवटचा लांब बीप वाजत नाही. २०१७ ला मी पूर्व भागातल्या एका शाळेत क्षेत्रीय अधिकारी म्हणून फिरत होतो. एक बाई पडद्याआड गेल्या, एक बटण दाबले आणि बाहेर निघाल्या. बीप नाही. मतदान अधिकाऱ्याने थांबवले, "मावशी, अजून तीन राहिली." त्या म्हणाल्या, "माझ्या माणसाला दिलं की मी." पुन्हा आत पाठवले. पुढची तीन बटणे भराभर वाजली, एकेक सेकंदही लागला नसेल. कुठली दाबली ते त्यांचे त्यांना ठाऊक, पण तेवढ्या वेळात नाव वाचून होत नाही हे मी नक्की सांगू शकतो.

महापालिकेच्या निकालात एकेका जागेवर नोटाला शेकड्यांनी मते दिसतात, तेव्हा मला ती तीन बटणे आठवतात. त्यातली काही मते विचार करून दिलेला नकार असतो. बरीचशी 'मी ओळखत नाही' अशी असतात. मशीनला दोन्ही सारखीच. पण ज्याने निवडणूक लढवली, त्याला हा फरक बरोबर कळतो आणि म्हणून तो नोटाला भीत नाही. तुम्ही त्या तीन जागांवरच्या उमेदवारांना ओळखून नाकारले असेल तर मत वाया गेले नाही. ओळखत नव्हता म्हणून दाबले असेल तर वडिलांच्या बोलण्यात तथ्य आहे.

तुमचा तिसरा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. नाकारण्याचा खरा अधिकार आपल्याकडे का नाही? मी म्हणतो, आहे. आपल्याच राज्यात, गावागावांत वापरला गेलेला. तो उमेदवारांसाठी नाही, दारूच्या दुकानासाठी आहे. उभी बाटली, आडवी बाटली.

२००८ च्या शासन आदेशाप्रमाणे गावातल्या पंचवीस टक्के महिला मतदारांनी सह्यांनिशी मागणी केली की प्रशासनाने सह्यांची पडताळणी करून गुप्त मतदान घ्यायचे. मतपत्रिकेवर दोन चित्रे, उभी बाटली म्हणजे दुकान चालू राहू द्या आणि आडवी म्हणजे बंद करा. एकूण नोंदलेल्या महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी आडवीवर शिक्का मारला तर दुकानाला कुलूप. अशा एका मतदानाला माझी ड्युटी होती. झेडपीच्या शाळेत सकाळी साडेसातलाच बायका रांगेत. खुरप्याची कामे टाकून आलेल्या, कडेवर लेकरे, एक आजी तर नातवाच्या मोटारसायकलवर मागे घट्ट धरून बसून आलेली. दुपारी दोनला आकडा पाहिला तर झालेल्या मतदानात आडवी जिंकणार हे उघड होते, पण निम्म्याचा टप्पा अजून लांब होता. कारण छेद झालेल्या मतदानाचा नाही, सगळ्या यादीचा. घरी राहिलेली प्रत्येक बाई हिशेबात दुकानाच्या बाजूने मोजली जात होती. मयत झालेली, लग्न होऊन गेलेली, पुण्याला कामाला गेलेली, नाव यादीत असले की तीही. हे कळल्यावर त्या बायका ज्या घराघरांत गेल्या, तसा प्रचार मी कुठल्या आमदारकीला पाहिला नाही. साडेचारला शेतातून थेट आलेल्या बायकांच्या पायाला चिखल होता. टप्पा पार झाला तो शेवटच्या तासात.

त्या दिवशी मला जे कळले ते नोटाबद्दल बोलताना नेहमी सांगतो. नकाराला परिणाम असला की माणसे नकार देण्यासाठी रांगेत उभी राहतात, चौकशी करतात, शेजारणीला घेऊन येतात. परिणाम नसला की तेच बटण तीन सेकंदांत दाबून मोकळे होतात. लोकांना गांभीर्य नाही असे म्हणणाऱ्यांनी ती रांग पाहायला हवी होती.

दुसरा मुद्दा छेदाचा. किती जणांनी नाकारले तर नकार मानायचा? आपली पद्धत सर्वाधिक मतांची आहे, निम्म्याहून अधिक मतांची नाही. २०१९ ला आपल्या सोलापूर लोकसभेत विजयी उमेदवाराला ५,२४,९८५ मते होती. दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकाच्या दोघांची मिळून ५,३६,३८४ होतात. निकाल नियमाप्रमाणे बरोबरच आहे आणि कुठल्याही पक्षाच्या बाबतीत असे होऊ शकते. पण जिथे निवडून यायलाच निम्मी मते लागत नाहीत, तिथे नोटा 'सर्वाधिक' होण्यासाठी किती विखुरलेली लढत लागेल याचा विचार करा. चार-पाच तगडे उमेदवार असले तर तीस टक्के नोटाही जिंकू शकतो आणि मग सत्तर टक्क्यांनी कुणाला ना कुणाला दिलेली मते रद्द होणार. म्हणून फेरनिवडणुकीसाठी नोटाला निम्म्याहून अधिक मते असावीत, असे माझे मत आहे. कोलंबियात असेच आहे. तिथे कोऱ्या मताला वैध मतांच्या निम्म्याहून अधिक मते पडली तर निवडणूक पुन्हा होते, एकदाच, आणि जुन्या उमेदवारांना उभे राहता येत नाही. २०११ मध्ये बेल्लो नावाच्या शहरात महापौरपदाच्या निवडणुकीत हे प्रत्यक्ष घडले. उलट अमेरिकेच्या नेवाडा राज्यात १९७५ च्या कायद्यापासून 'यापैकी कुणीही नाही' हा पर्याय आहे. तो पहिला आला तरी दुसऱ्याला विजयी धरतात. आपण लोकसभेला नेवाडासारखे आहोत, महापालिकेत कोलंबियाच्या अर्ध्या वाटेवर.

पसंतीक्रमाची पद्धतही आपल्याला परकी नाही. पुणे पदवीधर मतदारसंघात सोलापूर जिल्हा येतो. तिथे केंद्रावर मिळणाऱ्या जांभळ्या स्केचपेनने उमेदवारांसमोर १, २, ३ असे आकडे लिहायचे असतात आणि निम्म्याहून एक जास्त हा कोटा असतो. या पद्धतीत जो नकोसा आहे त्याला आकडाच न देणे हा नकार आपोआप होतो. पण मोजणी रात्र-रात्र चालते. पंचवीस-तीस हजार पदवीधर असोत की लाखभर, टेबलावर बसणाऱ्याची कंबर मोडते. वीस लाख मतदारांच्या लोकसभेला ती कशी झेपेल, याचे उत्तर माझ्याकडच्या अनुभवात नाही, म्हणून तिचा आग्रह धरत नाही.

विधी आयोगाने २०१५ च्या आपल्या २५५ व्या अहवालात नोटाला नाकारण्याचा पूर्ण अधिकार देऊ नये, असा सल्ला दिला. खर्च, पुन्हा सगळी यंत्रणा, रिकामी राहणारी जागा ही कारणे लोक सांगतात. मी ती यंत्रणा चालवली आहे, म्हणून खर्च किती हे मला ठाऊक आहे. शिक्षकांचे वर्ग बंद, एसट्या अडकलेल्या, पोलीस तीन-तीन दिवस घरी नाहीत. तरीही ज्या दिवशी निम्म्याहून अधिक मतदार यापैकी एकही नको म्हणतील, त्या दिवशी तो खर्च करायलाच हवा. असे दिवस फार थोडे येतील.

पण माझी खरी तळमळ दुसरीकडे आहे. नोटाचे बटण मिळायला आधी मतदान व्हावे लागते. बिनविरोध झाले तर मशीन निघतच नाही. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ५३ प्रमाणे जागा एक आणि उमेदवार एक असेल तर तो थेट निवडून आला. २०२४ ला सुरतेत असेच झाले, लाखो मतदारांपैकी एकालाही बटण दाबायला मिळाले नाही. आपल्या जिल्ह्यात २०२५ मध्ये अनगर नगरपंचायतीचे सतराही नगरसेवक बिनविरोध झाले. कुठे एकोप्याने होते, कुठे दबावाने, हे बाहेरून ठरवता येत नाही आणि अडचण नेमकी तीच आहे. जानेवारी २०२१ मध्ये नाशिक जिल्ह्यातले उमराणे आणि नंदुरबारमधले खोंडामळी इथे सरपंचपदाचा चक्क लिलाव झाल्याचे समोर आले आणि राज्य आयोगाने तिथल्या निवडणुका रद्द केल्या. लिलावाचा व्हिडिओ निघाला म्हणून कळले. इंडोनेशियात एकच उमेदवार असला तरी मतदान होते. मतपत्रिकेवर एका बाजूला तो आणि दुसऱ्या बाजूला रिकामा चौकोन. २०१८ मध्ये मकास्सर शहरात त्या रिकाम्या चौकोनाने एकुलत्या उमेदवाराला हरवले. आपल्याकडे एकास नोटा अशी लढत झाली पाहिजे. एकोपा खरा असेल तर उमेदवार ऐंशी टक्क्यांनी येईल, त्यात त्याचाच मान आहे. नसेल तर तेही गावाला गुप्तपणे सांगता येईल. कलम ५३ ला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आहे. तुमच्यासारख्या तरुणांनी ते प्रकरण जरूर पाहावे.

एक शब्द बहिष्काराबद्दल, कारण मंगळवेढ्याकडच्या पाण्याच्या प्रश्नावर गावे तसे इशारे देत आली आहेत. अशा एका गावात मी दिवसभर बसलो आहे. पहाटे अभिरूप मतदान, म्हणजे मशीन तपासण्यापुरते चाचणी मतदान घेतले, मशीन सील केले आणि मग सकाळी सातपासून संध्याकाळपर्यंत समोरच्या पारावर बसलेले गाव आमच्याकडे पाहत होते, आम्ही त्यांच्याकडे. दुपारी तिथूनच आम्हाला भाकरी-पिठले आले. त्यांचा राग आमच्यावर नव्हता. संध्याकाळी नमुना १७-सी या मतांच्या हिशेबाच्या कागदात जवळपास शून्याचा आकडा भरला. त्या कागदावर पाण्याचा उल्लेख कुठेच नाही. तेच आठशे लोक येऊन नोटा दाबते, तर निकालपत्रात त्या केंद्रासमोर आठशे हा आकडा कायमचा छापला गेला असता. म्हणून घरी बसण्यापेक्षा नोटा केव्हाही बरा.

आता तुमच्यापुरते. पुढच्या वेळी अर्ज माघारीची मुदत संपली की प्रभागाची अंतिम यादी लागते. प्रत्येक उमेदवाराने शपथपत्र दिलेले असते. त्यात गुन्हे, मालमत्ता, कर्ज, शिक्षण सगळे असते. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ आणि २००३ च्या निकालांनी हे जाणून घेणे मतदाराचा हक्क ठरवले. अ, ब, क, ड चारही जागांची शपथपत्रे निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयात पाहायला मिळतात, फोनवरही मिळतात. पंधरा-वीस उमेदवार असतील, एका संध्याकाळचे काम आहे. वडिलांना शेजारी बसवा आणि मोठ्याने वाचा. त्यांना त्यातल्या निम्म्यांचे आजे-पणजे ठाऊक असतील आणि शपथपत्रात नसलेले बरेच काही ते सांगतील. त्यानंतर ज्या जागेवर एकही नाव पटणार नाही, तिथे नोटा दाबा.